बंधांच्या कंपनांची गणिते करताना एकके कशी सांभाळावीत

कार्बन मोनॉक्साइडच्या बंधाचा बलस्थिरांक १९०२ न्यूटन प्रति मीटर दिला आहे, तर कंपनाची तरंगसंख्या काढा, हा प्रश्न दिसायला एका ओळीचा आहे. बलस्थिरांक म्हणजे बंधाचा ताठरपणा आणि तरंगसंख्या म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये बसणाऱ्या लहरींची संख्या. सूत्र पाठ असते, आकडे समोर असतात, तरीही एकाच वर्गातल्या वह्यांत २१७०, २१७, ६८६, १३,६३४ आणि २,१६,९९० अशी पाच निरनिराळी उत्तरे सापडू शकतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या महाविद्यालयांत बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. करणाऱ्या आणि अवरक्त वर्णपटाचे गणित प्रथमच हाताळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख लिहिला आहे. एकके कशी बदलावीत हे त्यात आहेच, पण त्याहून उपयोगाची गोष्ट अशी की बलस्थिरांक आणि वस्तुमान वर्गमूळाखाली, तर प्रकाशवेग त्याच्या बाहेर येत असल्यामुळे एककाची प्रत्येक चूक उत्तरावर स्वतःची ओळखू येणारी खूण सोडते, आणि ती खूण वाचता आली तर चूक कोणत्या ओळीत आहे हे शोधायला सगळे गणित पुन्हा करावे लागत नाही.

लेखात १०^−२७ असे जेथे लिहिले आहे तेथे ^ या चिन्हापुढील आकडा दहाची घात दाखवतो.

सूत्र आणि त्यातील एकके

दोन अणूंमधील बंधाला स्प्रिंग मानून हुकचा नियम लावला की पुढील सूत्र मिळते:

तरंगसंख्या = [१ ÷ (२ × पाय × प्रकाशवेग)] × √(बलस्थिरांक ÷ रिड्यूस्ड मास)

आकडे घालण्यापूर्वी फक्त एकके घालून हे सूत्र एकदा तपासावे. न्यूटन म्हणजे किलोग्रॅम × मीटर ÷ सेकंदाचा वर्ग. त्याला मीटरने भागले की उरते किलोग्रॅम ÷ सेकंदाचा वर्ग. त्याला किलोग्रॅममधील वस्तुमानाने भागले की किलोग्रॅम कटतो, आणि वर्गमूळ घेतल्यावर 'प्रति सेकंद' एवढेच उरते. ही झाली कोनीय वारंवारता, म्हणजे रेडियन प्रति सेकंद. तिला २ × पाय ने भागले की हर्ट्झमधील वारंवारता मिळते, आणि त्या वारंवारतेला सेंटिमीटर प्रति सेकंदातील प्रकाशवेगाने भागले की 'प्रति सेंटिमीटर' या एककातील तरंगसंख्या मिळते. वर्णपटाच्या आडव्या अक्षावर छापलेली असते ती हीच.

या साखळीत एक विसंगती आहे आणि बहुतेक घोटाळा तिथूनच सुरू होतो. वर्गमूळाच्या आत मीटर आणि किलोग्रॅम वापरायचे, बाहेर मात्र प्रकाशवेग सेंटिमीटरमध्ये घ्यायचा. वर्णपटशास्त्रज्ञांनी 'प्रति सेंटिमीटर' हे एकक सोडलेले नसल्यामुळे हे असेच चालते. याला माझ्या मते एकच उपाय आहे: सूत्राचे तीन तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्याचे उत्तर वेगळ्या ओळीत लिहावे आणि एकक लिहिल्याशिवाय कोणताही आकडा पुढच्या ओळीत नेऊ नये.

पहिली पायरी: वस्तुमान

रिड्यूस्ड मास म्हणजे दोन वस्तुमानांचा गुणाकार भागिले त्यांची बेरीज. तो आधी अणुवस्तुमान एककातच काढावा आणि किलोग्रॅममध्ये शेवटी एकदाच रूपांतर करावे. प्रत्येक अणूचे वस्तुमान आधी किलोग्रॅममध्ये नेले तर उत्तर तेच येते, पण दहाच्या उणे घाती तीन ठिकाणी सांभाळाव्या लागतात.

कार्बन-१२ चे वस्तुमान १२ (हे व्याख्येनेच अचूक आहे) आणि ऑक्सिजन-१६ चे १५.९९४९१ घेतले, तर गुणाकार १९१.९३९ आणि बेरीज २७.९९४९१ येते, म्हणून रिड्यूस्ड मास ६.८५६२ अणुवस्तुमान एकके. एक अणुवस्तुमान एकक म्हणजे १.६६०५४ × १०^−२७ किलोग्रॅम. गुणाकार केला की १.१३८५ × १०^−२६ किलोग्रॅम मिळतात.

येथे दोन बारकावे आहेत. पहिला असा की आवर्तसारणीतील सरासरी अणुभार आणि विशिष्ट समस्थानिकाचे वस्तुमान या वेगळ्या गोष्टी आहेत. एखादा विशिष्ट रेणू कंप पावतो तेव्हा त्यात क्लोरीन-३५ असतो किंवा क्लोरीन-३७ असतो, ३५.४५ वस्तुमानाचा क्लोरीन अणू अस्तित्वातच नाही. कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत सरासरी अणुभार घेतल्याने उत्तरात एक प्रति सेंटिमीटरपेक्षा कमी फरक पडतो, त्यामुळे परीक्षेत चालून जाते, पण हायड्रोजन क्लोराइडच्या उच्च विभेदन वर्णपटात दोन समस्थानिकांच्या रेषा सुमारे २ प्रति सेंटिमीटर अंतराने जोडीने दिसतात आणि तेथे सरासरी वापरणे निरर्थक ठरते.

दुसरा बारकावा कॅल्क्युलेटरचा आहे. घात भरण्याच्या बटणामध्ये 'गुणिले दहाचा' हा भाग आधीच असतो. १.६६ नंतर गुणिले, मग १०, मग ते बटण आणि मग उणे २७ असे दाबले, तर वस्तुमान दहापट भरले जाते आणि पडद्यावर संशय यावा असे काहीही दिसत नाही. परीक्षेच्या घाईत ही चूक फार होते.

दुसरी पायरी: बलस्थिरांक

पुस्तक जितके जुने तितकी बलस्थिरांकाची एकके वेगळी. सीताबर्डीवर घेतलेल्या जुन्या पुस्तकात तो डाईन प्रति सेंटिमीटरमध्ये असेल, वर्णपटशास्त्राच्या प्रगत ग्रंथांत मिलिडाईन प्रति अँगस्ट्रॉममध्ये असेल, आणि नव्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकात न्यूटन प्रति मीटरमध्ये. तिघांचे नाते एकदा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे: १ मिलिडाईन प्रति अँगस्ट्रॉम म्हणजे १०० न्यूटन प्रति मीटर म्हणजे १ लाख डाईन प्रति सेंटिमीटर. म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा १९०२ न्यूटन प्रति मीटर हा बलस्थिरांक १९.०२ मिलिडाईन प्रति अँगस्ट्रॉम किंवा १९.०२ × १०^५ डाईन प्रति सेंटिमीटर असाही छापलेला दिसेल.

उत्तराचा अंदाज आधीच बांधता यावा म्हणून ठोकळ आकडे लक्षात असणे चांगले. कार्बनच्या एकेरी बंधाचा बलस्थिरांक सुमारे ५०० न्यूटन प्रति मीटर, दुहेरीचा १००० च्या आसपास आणि तिहेरीचा १५०० च्या आसपास असतो. हाती आलेला आकडा ५ किंवा ५,००,००० असेल तर न्यूटन प्रति मीटर हे एकक नाही, हे शीर्षक न वाचताही कळते.

तिसरी पायरी: वर्गमूळ, पाय आणि प्रकाशवेग

आता तीन तुकडे क्रमाने करावेत. १९०२ भागिले १.१३८५ × १०^−२६ म्हणजे १.६७०६ × १०^२९, एकक प्रति सेकंद वर्ग. त्याचे वर्गमूळ ४.०८७३ × १०^१४ रेडियन प्रति सेकंद. वर्गमूळ हाताने काढताना घात विषम असेल तर आधी ती सम करून घ्यावी, म्हणजे १.६७०६ × १०^२९ ऐवजी १६.७०६ × १०^२८ लिहावे.

२ × पाय म्हणजे ६.२८३२ ने भागल्यावर ६.५०५२ × १०^१३ हर्ट्झ मिळतात. याचा अर्थ एका कंपनाला सुमारे १५ फेम्टोसेकंद लागतात. या आकड्याला प्रकाशवेगाने, म्हणजे २.९९७९ × १०^१० सेंटिमीटर प्रति सेकंदाने भागले की २१७० प्रति सेंटिमीटर हे उत्तर येते.

हे सर्व एकदा समजून केले की पुढे जोडसूत्र वापरण्यास हरकत नाही. बलस्थिरांक न्यूटन प्रति मीटरमध्ये आणि रिड्यूस्ड मास अणुवस्तुमान एककातच ठेवला, तर सगळे स्थिरांक एकत्र होऊन १३०.२८ हा एकच गुणक उरतो: तरंगसंख्या = १३०.२८ × √(बलस्थिरांक ÷ रिड्यूस्ड मास). बलस्थिरांक मिलिडाईन प्रति अँगस्ट्रॉममध्ये असेल तर गुणक १३०२.८ होतो, आणि डाईन प्रति सेंटिमीटरमध्ये असेल तर ४.१२. सेंद्रिय रसायनाच्या पुस्तकांत कोठून आला हे न सांगता छापलेला ४.१२ तो हाच. गुणक पाठ करताना त्याचे एककही सोबत पाठ करावे, नाहीतर त्याचा काही उपयोग नाही.

उलट दिशेचे गणित

प्रयोगशाळेत प्रश्न बहुधा उलटा असतो, कारण तरंगसंख्या उपकरण देते आणि बलस्थिरांक काढायचा असतो. संत्र्याच्या सालीचे तेल ऊर्ध्वपातनाने काढणे हा आपल्याकडे सहज जमणारा प्रकल्प आहे, आणि त्यातील मुख्य घटक असलेल्या लिमोनिनच्या वर्णपटात कार्बन-कार्बन दुहेरी बंधाचा पट्टा १६४४ प्रति सेंटिमीटरजवळ दिसतो. १६४४ ला १३०.२८ ने भागले की १२.६२, त्याचा वर्ग १५९.२, दोन कार्बनचा रिड्यूस्ड मास ६, त्याने गुणले की सुमारे ९५५ न्यूटन प्रति मीटर. दुहेरी बंधासाठी ठोकळमानाने अपेक्षित असलेल्या १००० च्या हे जवळ आहे. येथे वर्ग करणे विसरू नये. उलट जाताना तरंगसंख्येतील एक टक्का चूक बलस्थिरांकात दोन टक्के होऊन येते.

जुन्या वर्णपटांवर आडवा अक्ष मायक्रोमीटरमध्ये असतो. १०,००० ला तरंगसंख्येने भागले की मायक्रोमीटर मिळतात. १६४४ चा पट्टा ६.०८ मायक्रोमीटरवर येतो. हे नाते व्यस्त असल्यामुळे पट्ट्याची रुंदी या पद्धतीने बदलता येत नाही, दोन्ही कडांचे रूपांतर स्वतंत्रपणे करून वजाबाकी करावी लागते.

चुकीचे उत्तर कसे वाचावे

बरोबर उत्तर २१७० आहे हे धरून चुकलेली उत्तरे पाहू.

उत्तर १३,६३४ आले तर ते ६.२८ पट आहे: २ × पाय ने भागणे राहिले. २,१६,९९० आले तर ते १०० पट आहे: प्रकाशवेग मीटरमध्ये घेतला गेला, म्हणजे उत्तर 'प्रति मीटर' या एककात आले आहे आणि त्या एककात ते बरोबरही आहे. ६८.६ आले तर वस्तुमान ग्रॅममध्ये आणि बलस्थिरांक न्यूटन प्रति मीटरमध्ये अशी खिचडी झाली आहे, कारण हजारचे वर्गमूळ ३१.६ आहे. ६८,६०० च्या आसपास आले तर डाईन प्रति सेंटिमीटरमधील आकडा न्यूटन प्रति मीटर समजून भरला गेला. २१७ आले तर मिलिडाईन प्रति अँगस्ट्रॉमचा १९.०२ हा आकडा तसाच गेला. ६८६ आले तर कॅल्क्युलेटरवर एक जादा १० दाबला गेला.

यात एक नियम दडलेला आहे. दहाची विषम घात चुकली असेल तर उत्तरातील अंक ६८६ असे बदलतात, कारण दहाचे वर्गमूळ ३.१६ आहे; सम घात चुकली असेल तर अंक २१७ असेच राहतात आणि फक्त दशांशचिन्ह सरकते. म्हणून अंक ओळखीचे पण जागा चुकलेली असेल तर शंभराचा किंवा दहा हजारांचा गुणक शोधावा, आणि अंकच अनोळखी असतील तर उत्तराला ३.१६ ने गुणून किंवा भागून पाहावे.

जेथे दहाच्या घातींचा संबंध नाही तेथे अधिक सावध राहावे लागते. उत्तर १०७४ आले तर रिड्यूस्ड मासच्या जागी वस्तुमानांची बेरीज घातली गेली आहे. हा गुणक २.०२ आहे. बलस्थिरांक ऊर्जेच्या एककांतून दिलेला असताना किलोकॅलरी आणि किलोज्यूल यांची अदलाबदल झाली तर गुणक ४.१८४ चे वर्गमूळ, म्हणजे २.०५ येतो. कार्बन मोनॉक्साइडमध्ये हे दोन गुणक योगायोगाने इतके जवळ आहेत की फक्त 'उत्तर निम्मे आले' एवढ्यावरून निदान करता येत नाही; दशांशानंतरचे दोन अंक पाहावे लागतात. म्हणूनच मधल्या पायऱ्यांत चार सार्थ अंक ठेवण्याचा आग्रह धरावा.

एककांशी संबंध नसलेला फरक

सगळे बरोबर करूनही २१७० आणि प्रत्यक्ष वर्णपटातील २१४३ यांत २७ प्रति सेंटिमीटरचा फरक उरतो. ही एककाची चूक नाही. खरा बंध आदर्श स्प्रिंगसारखा वागत नाही. २१७० ही त्याची हार्मोनिक तरंगसंख्या आहे आणि तळाच्या पातळीवरून पहिल्या उत्तेजित पातळीवर जाण्याचे मूळ संक्रमण त्याहून खाली दिसते. हायड्रोजन क्लोराइडमध्ये हेच आकडे २९९१ आणि २८८६ असे आहेत. कार्बन मोनॉक्साइडचा बलस्थिरांक एका पुस्तकात १९०२ आणि दुसऱ्यात १८५५ दिसतो तो याच कारणाने: एकाने हार्मोनिक मूल्यावरून काढला, दुसऱ्याने दिसलेल्या पट्ट्यावरून. फरक तीन-चार टक्क्यांच्या आत असेल तर एककांमागे धावू नये, कारण एककाची कोणतीही चूक इतकी लहान नसते.

समस्थानिकांचे गणित तर एककांशिवायच होते. हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम आला तर बलस्थिरांक तोच राहतो आणि फक्त रिड्यूस्ड मासचे गुणोत्तर लागते: क्लोरीन-३५ सोबत ०.९७९६ भागिले १.९०४४, त्याचे वर्गमूळ ०.७१७२, त्याने २९९१ ला गुणले की २१४५. हायड्रोजन बंधांसाठी सरसकट १.४१ ने भागण्याची पद्धत आहे, तीत येथे सुमारे २४ प्रति सेंटिमीटरचा फरक राहतो.

ऊर्जेची एकके

तरंगसंख्या ही खरे पाहता ऊर्जाच आहे. १ प्रति सेंटिमीटर म्हणजे ०.०११९६३ किलोज्यूल प्रति मोल, आणि १ इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे ८०६५.५ प्रति सेंटिमीटर. त्यामुळे २१७० प्रति सेंटिमीटर म्हणजे २५.९६ किलोज्यूल प्रति मोल किंवा ०.२६९ इलेक्ट्रॉनव्होल्ट. 'प्रति मोल' हे शब्द गाळले की ॲव्होगाड्रो संख्येचा घोळ होतो. एका रेणूसाठी हीच ऊर्जा ४.३१ × १०^−२० ज्यूल आहे.

तापमानाशी तुलना करायची असेल तर केल्विनला ०.६९५ ने गुणावे. २५ अंश सेल्सियसला औष्णिक ऊर्जा २०७ प्रति सेंटिमीटर येते. नागपूरच्या मे महिन्यातील ४५ अंशांना ती २२१ होते. म्हणजे २१४३ च्या कंपनाची पहिली उत्तेजित पातळी गाठलेले रेणू लाखात सुमारे ३ वरून ६ वर जातात, आणि वर्णपटावर याचा परिणाम दिसत नाही. केल्विनऐवजी सेल्सियस भरले तर मात्र वर्णपट पूर्णपणे काल्पनिक होतो.

रामन वर्णपट

गांधीसागरजवळच्या विज्ञान केंद्राला ज्यांचे नाव आहे ते सी. व्ही. रामन १९१० च्या सुमारास वित्त खात्यातील नोकरीनिमित्त काही काळ नागपुरात होते. त्यांच्या नावाचा परिणाम, म्हणजे रेणूंवरून विखुरताना प्रकाशाची तरंगलांबी बदलणे, १९२८ चा, कोलकात्याचा. रामन वर्णपटात कंपनाची तरंगसंख्या लेसरच्या आणि विखुरलेल्या प्रकाशाच्या तरंगसंख्यांच्या वजाबाकीतून मिळते. ५३२ नॅनोमीटरचा लेसर असेल तर १ कोटी भागिले ५३२ म्हणजे १८,७९७ प्रति सेंटिमीटर; त्यातून लिमोनिनचे १६४४ वजा केले की १७,१५३; उलट रूपांतर केले की ५८३.० नॅनोमीटर. आधी नॅनोमीटरची वजाबाकी करून, आलेल्या ५१ नॅनोमीटरचे प्रति सेंटिमीटरमध्ये रूपांतर केले तर उत्तर दोन लाखांच्या घरात जाते. वजाबाकी नेहमी तरंगसंख्येत करावी.

संगणकीय आकडे

एम.एस्सी.च्या प्रकल्पात संगणकातून आलेले बलस्थिरांक हाताळावे लागतात आणि तेथे एककांबरोबर व्याख्याही बदलते. १ इलेक्ट्रॉनव्होल्ट प्रति अँगस्ट्रॉम वर्ग म्हणजे १६.०२ न्यूटन प्रति मीटर. १ किलोकॅलरी प्रति मोल प्रति अँगस्ट्रॉम वर्ग म्हणजे ०.६९४८, १ हार्ट्री प्रति बोर वर्ग (हार्ट्री आणि बोर ही आण्विक एककांतील ऊर्जेची आणि लांबीची एकके) म्हणजे १५५६.९.

आण्विक एककांत गणित करायचे असेल तर अणुवस्तुमान एककाला १८२२.८९ ने गुणून इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानात आणावे. कार्बन मोनॉक्साइडसाठी बलस्थिरांक १.२२१७ आणि रिड्यूस्ड मास १२,४९८ येतो. भागाकाराचे वर्गमूळ ०.००९८८६७. ही संख्या कोनीय वारंवारता आहे आणि या एककांत तीच हार्ट्रीतील ऊर्जाही आहे, म्हणून तिला थेट २,१९,४७४.६ ने गुणले की २१७० मिळतात. येथे २ × पाय ने भागायचे नसते. एसआय पद्धतीत जे करणे आवश्यक तेच येथे चूक ठरते, आणि सवयीने भागाकार केला तर उत्तर ३४५ येते.

फोर्स फील्डच्या, म्हणजे रेणूंच्या हालचालींच्या संगणकीय गणितासाठी बंधांचे स्थिरांक नोंदवलेल्या, संचिकांत वेगळा पेच आहे. ॲम्बर आणि चार्म या आज्ञावलींत बंधाची ऊर्जा 'स्थिरांक × ताणाचा वर्ग' अशी लिहितात, तर ग्रोमॅक्समध्ये हुकप्रमाणे आधी अर्धा असतो. म्हणून ॲम्बरमधील पेप्टाइडच्या कार्बन-ऑक्सिजन बंधाचा ५७० किलोकॅलरी प्रति मोल प्रति अँगस्ट्रॉम वर्ग हा आकडा सूत्रात घालण्यापूर्वी दुप्पट करावा लागतो: ११४० × ०.६९४८ = ७९२ न्यूटन प्रति मीटर. ग्रोमॅक्समध्ये हाच बंध ४,७६,९७६ किलोज्यूल प्रति मोल प्रति नॅनोमीटर वर्ग असा असतो, त्याला ०.००१६६०५ ने गुणले की पुन्हा ७९२. दोन वाटांनी एकच आकडा आला की रूपांतरावर विसंबता येते. यावरून दोन अणूंच्या सूत्राने १४०० प्रति सेंटिमीटर मिळतात, प्रत्यक्ष पट्टा मात्र १६५० च्या आसपास असतो. शेजारचे बंधही त्या कंपनात सामील असतात, आणि दोन अणूंच्या सूत्राला ते दिसत नाही.

गॉसियन या क्वांटम रसायनाच्या आज्ञावलीच्या निकालात तरंगसंख्येखाली रिड्यूस्ड मास आणि बलस्थिरांक छापलेले असतात, अनुक्रमे अणुवस्तुमान एककात आणि मिलिडाईन प्रति अँगस्ट्रॉममध्ये. कार्बन मोनॉक्साइडसाठी तेथे रिड्यूस्ड मास ६.८६ ऐवजी १३.४४ दिसतो, कारण ती आज्ञावली तो अणूंच्या विस्थापनांना वेगळ्या रीतीने प्रमाणित करून काढते. बलस्थिरांकही त्याच प्रमाणात, १.९६ पट वाढलेला असतो, त्यामुळे दोघांचे गुणोत्तर आणि तरंगसंख्या बदलत नाही. तो बलस्थिरांक पुस्तकातील मूल्याशी ताडायचा असेल तर आधी १.९६ ने भागावा, आणि दुसऱ्या कोणत्याही द्विअणू रेणूसाठी हा भाजक वस्तुमानांच्या बेरजेचा वर्ग भागिले वस्तुमानांच्या वर्गांची बेरीज असा नव्याने काढावा.